दिवस जात नाहीत? बेळगाव सीमाभागातल्या जोडप्यांनी कुठून सुरुवात करावी

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगावपासून दहा किलोमीटरवरचं. आमच्याकडे अशी लग्नं घरोघरी आहेत, मुलगी देताना राज्याची हद्द कुणी बघत नाही. मला ती हद्द पहिल्यांदा दिसली लग्नानंतर दोन वर्षांनी, एका दवाखान्याच्या खिडकीवर. आधार माहेरच्या पत्त्याचं, रेशन कार्ड सासरचं, कन्नडमधलं, आणि त्यात माझं नावच नाही. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद उलटसुलट करून बघितले आणि परत सरकवले.

पुढची सहा वर्षं आम्ही दोघांनी बेळगाव, कोल्हापूर, मिरज अशा फेऱ्या घातल्या. आमची मुलगी यंदा अंगणवाडीत जायला लागली. त्या सहा वर्षांतली निदान तीन वाया गेली असं मला आजही वाटतं. ती आजारामुळे गेली नाहीत, कुणी नीट वाट दाखवली नाही म्हणून गेली. ती वाट इथे क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम 1952 साली सुरू झाला आणि त्याचा सगळा भर मुलं थांबवण्यावर राहिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं होती आणि लग्न झालेल्या 57.4 टक्के बायकांची नसबंदी झालेली होती. म्हणजे ऑपरेशनची यंत्रणा गावापर्यंत पोचलेली आहे. मूल होत नाही म्हणणाऱ्या बाईसाठी तशी आयती रांग नाही. तिला तीच यंत्रणा आपल्या कामासाठी वापरून घ्यावी लागते. ती वापरता येते, फक्त कुठे काय मागायचं हे माहीत हवं.

1. एका वर्षाचा हिशेब खरा लावा

कायद्यातही आणि डॉक्टरांकडेही वंध्यत्वाची व्याख्या एकच आहे: कोणतंही साधन न वापरता वर्षभर संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी करायची. बायकोचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत जा. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोषाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तेवढंही थांबू नका.

हे 'वर्ष' मोजताना आपल्या भागात एक मोठी चूक होते. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. खानापूर, चंदगड, निपाणीकडे प्रत्येक वाड्यात कोण ना कोण फौजेत. माझ्या चुलत जावेच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात तिला 'अजून काही नाही' म्हणून बोलणी बसत होती. आम्ही दोघींनी कॅलेंडर घेऊन मोजलं. चार वर्षांत नवरा-बायको एकत्र राहिले होते साडेसात महिने, आणि त्यातल्या दोन सुट्ट्या तर शेतीच्या आणि भावकीच्या कामात गेलेल्या. डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगू नका, एकत्र राहिल्याचे महिने सांगा.

सोबत पाळीच्या तारखा लिहून ठेवा. 28 दिवसांची पाळी असेल तर पहिल्या दिवसापासून मोजून साधारण दहावा ते सोळावा दिवस महत्त्वाचा. फौजेतल्या नवऱ्याने सुट्टी मागताना हे दिवस बघून मागितली तर कित्येकांना दवाखान्याची गरजच पडत नाही.

2. पहिली तपासणी नवऱ्याची

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

तीन वर्षं फक्त माझ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण. एका दवाखान्यात 'पिशवी साफ करू, मग दिवस जातील' म्हणून क्युरेटिंग केलं. वंध्यत्वावर क्युरेटिंग हा उपचार नाही, हे मला फार उशिरा कळलं. उलट विनाकारण केलं तर गर्भपिशवीच्या अस्तराला इजा होऊ शकते. इतक्या दिवसांत माझ्या नवऱ्याला एकाही डॉक्टरांनी आत बोलावलं नाही. ते बाहेर बाकावर माझी चप्पल आणि पाण्याची बाटली सांभाळत बसायचे.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'ह्यांचा रिपोर्ट कुठाय?' दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची डबी, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर कन्नडमध्ये नाव. लॅबच्या संडासाला आतून कडी नव्हती. मी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिले. समोर बाकावर शुगर तपासायला आलेली चार माणसं बसलेली. नवरा बाहेर आला तेव्हा त्याने डबी रुमालात गुंडाळली होती आणि माझ्याकडे बघत नव्हता. रिपोर्टात शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला 60 लाख निघाली, ती निदान 1 कोटी 60 लाख हवी. तीन वर्षं माझ्या पोटात जे शोधत होते ते काही शे रुपयांच्या तपासणीत सापडलं.

जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत असतं. म्हणून हे असं करा:

- तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळा. कमी नको आणि जास्तही नको.
- नमुना घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचवा, अंगाच्या उबेत धरून. खानापूरच्या आतल्या गावांतून हे जमत नाही, तिथल्यांनी लॅबमध्येच द्यावा. आधी फोन करून वेगळी खोली आहे का ते विचारा, लाजू नका.
- पहिला रिपोर्ट वाईट आला म्हणून लगेच आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) धावू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. ताप येऊन गेला असेल तरी रिपोर्ट बिघडतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा.

नवऱ्याचं काम काय आहे, हे डॉक्टरांना सांगाच. माझे हे उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीवर होते, दहा वर्षं. अंडकोषाला सतत उष्णता लागली की शुक्राणू कमी होतात. ट्रक चालवणारे, बेकरीत काम करणारे, उसाच्या गुऱ्हाळावर चुलवणापाशी बसणारे, सगळ्यांना हे लागू. आणि तंबाखू. निपाणीकडे तंबाखू शेतात, घरात, खिशात असते, ती कुणाला व्यसन वाटतच नाही. आमच्या ह्यांनी मावा सोडला आणि मालकाला सांगून कोअर शॉपला बदली मागून घेतली. तीन महिन्यांनी संख्या दुप्पट झाली. ती पुरेशी नव्हती, पण पुढच्या उपचाराला तिचा उपयोग झाला.

3. सुरुवात सरकारी दारातून करा

गावातल्या आशाताईंकडे 'पात्र जोडप्यांची' नोंदवही असते. बायकोचं वय 15 ते 49 असलेलं प्रत्येक जोडपं त्यात हवं. तुमच्या नावापुढे मुलांच्या रकान्यात शून्य आहे हे त्यांना माहीत असतं, पण त्या शून्याचं पुढे काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शहरात असाल तर 'नम्म क्लिनिक'मध्ये. तिथून तालुक्याचं सरकारी रुग्णालय, तिथून बेळगावचं जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स.

तिथे आयव्हीएफसाठी जायचं नसतं. बाहेर जिच्यासाठी पाच-सात हजार मोजावे लागतात ती पहिली पायरी तिथे फुकट किंवा नाममात्र होते: हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या तपासण्या, सोनोग्राफी, संसर्गावरची औषधं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही तिथेच मागा, त्या दिवस जायच्या आधीपासून घ्यायच्या असतात.

क्षयरोगाबद्दल वेगळं सांगते. आपल्या देशात गर्भनळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. यात खोकला नसतो, ताप नसतो, बाईला पत्ताही नसतो. डॉक्टरांनी अस्तराचा नमुना तपासून क्षयरोग सांगितला तर घाबरू नका आणि लपवूही नका. सरकारी कार्यक्रमात औषध पूर्ण मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये खात्यावर येतात (नोव्हेंबर 2024 आधी 500 होते). पण ही औषधं अर्धवट सोडली तर आयव्हीएफलाही काही अर्थ उरत नाही.

4. फाइल: कोणते कागद आणि कसे

दोन राज्यांत फिरणाऱ्या माणसाची नोंद कुठल्याच संगणकात सलग नसते. तुमची फाइल तुम्हीच सांभाळायची. मी प्लास्टिकची चेनवाली पिशवी घेतली होती, पावसात एसटीने जायचं म्हणून. त्यात हे ठेवा:

- दोघांची आधार कार्डं. बायकोचं सासरच्या पत्त्याचं आणि लग्नानंतरच्या नावाचं.
- रेशन कार्ड, बायकोचं नाव घातलेलं. माहेर महाराष्ट्रात असेल तर आधी तिथल्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. या एका दाखल्यासाठी माझे चार महिने गेले. लग्न ठरलं की लगेच करून टाका, दवाखान्याची वाट बघू नका.
- विवाह नोंदणी दाखला. कर्नाटकात सब-रजिस्ट्रार ऑफिसात होतो. आयव्हीएफ क्लिनिक हा मागतंच. देवळात लग्न झालेल्यांकडे पत्रिका आणि फोटो असतात, ते जपून ठेवा.
- आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड. ग्राम वन किंवा बेळगाव वन केंद्रात आधार आणि रेशन कार्डावर निघतं.
- उत्पन्नाचा दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय).
- सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्म मूळ, बाकीच्यांच्या झेरॉक्स. मूळ फाइल कुठल्याही दवाखान्यात ठेवून येऊ नका. मी एकदा ठेवली, दुसरीकडे जाते म्हटल्यावर ती मिळवायला सात फेऱ्या झाल्या.

नावाचं स्पेलिंग हा खरा सापळा आहे. मराठीत एक, कन्नडमधून इंग्रजीत आणलं की दुसरं, पॅन कार्डावर तिसरं. सगळे कागद समोर मांडून अक्षर अन् अक्षर जुळवा. आधार दुरुस्त करून मग बाकीचे त्याप्रमाणे करा, उलटं करायला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

5. कुठली योजना काय देते

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या 30 टक्के. आयुष्मानच्या नियमात वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत, म्हणून आयव्हीएफ किंवा आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं) त्यात बसत नाही. पण मूल न होण्यामागचा आजार बसू शकतो. अंडाशयाची गाठ, गर्भपिशवीतली गाठ अशा शस्त्रक्रिया यादीत आहेत. खासगी रुग्णालयात पैसे भरण्याआधी सरकारी रुग्णालयातून रेफरल घ्या आणि योजनेच्या काउंटरवर बसलेल्या आरोग्यमित्रांना शस्त्रक्रियेचं नाव सांगून विचारा. भरती झाल्यावर, बिल झाल्यावर विचारून काही होत नाही.

आता महाराष्ट्राचं. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या 865 गावांतल्या लोकांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी 54 कोटींची तरतूद केली. कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला, इथली अर्ज भरायची केंद्रं बंद पाडली गेली. आजारी माणसाच्या कार्डावरून दोन सरकारं भांडतात याचं मला फार वाईट वाटतं, त्यात भरडली जाते ती बाकावर बसलेली बाई. व्यवहाराचं एवढंच सांगते: कोल्हापूर-मिरजेला शस्त्रक्रिया करायची असेल तर निघण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजना काउंटरला फोन करा, तुमच्या गावाचं नाव सांगा, कुठला रहिवासी दाखला चालेल ते विचारा. आयव्हीएफसाठी याही कार्डावर भिस्त ठेवू नका.

केंद्र सरकारी नोकरदारांना सीजीएचएसमध्ये (त्यांच्या आरोग्य योजनेत) आयव्हीएफचा काही खर्च परत मिळण्याची तरतूद आहे. 2011 च्या आदेशात उपचाराच्या एका फेरीला 65,000 रुपयांची मर्यादा आणि जास्तीत जास्त तीन फेऱ्या ठरवल्या होत्या. परवानगी आधी घ्यावी लागते. माजी सैनिकांनी ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये हेच विचारावं. नोकरीत असलेल्या जवानांसाठी सैन्याच्या मोठ्या रुग्णालयांत वंध्यत्वाची केंद्रं आहेत, युनिटच्या डॉक्टरांकडून रेफर करून घ्या. फौजी घरं हे न विचारताच खासगीत लाख-लाख घालतात, मी डोळ्याने बघितलंय.

चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारेही बरेच आहेत. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2023 पासून मोफत आयव्हीएफ सुरू झालं. पण तिथे 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे, तेव्हा रहिवासाची अट आधी विचारा आणि मगच गाडी काढा.

6. क्लिनिक कसं निवडायचं

25 जानेवारी 2022 पासून देशात सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञानाचा कायदा लागू आहे. हा केंद्राचा कायदा, त्यामुळे बेळगावात आणि कोल्हापुरात नियम तेच. सीमाभागातल्या माणसाला असं क्वचितच म्हणता येतं, त्याचा फायदा घ्या.

क्लिनिकला नोंदणी सक्तीची आहे आणि तो दाखला दर्शनी भागात लावावा लागतो. पहिल्या पातळीच्या क्लिनिकला फक्त आययूआय करता येतं. बीजांडं काढणं, आयव्हीएफ, भ्रूण गोठवणं हे दुसऱ्या पातळीच्या क्लिनिकलाच. आत गेल्यावर आधी भिंतीवरचा दाखला वाचा: पातळी कोणती, मुदत कधीपर्यंत. नोंदणी पाच वर्षांची असते. तालुक्याच्या गावात महिन्यातून एकदा 'मुंबईचे डॉक्टर' येतात अशा जाहिराती लागतात. ते तपासतील, पण बीजांडं कुठे काढणार, भ्रूण कुठे ठेवणार, त्या जागेची नोंदणी दाखवा म्हणा.

वयाची अट बाईला 21 ते 50 च्या आत, पुरुषाला 21 ते 55 च्या आत. लग्न न झालेल्या, विधवा किंवा घटस्फोटित बाईलाही या कायद्याने उपचार घेता येतो. हे आमच्याकडे कुणाला पटत नाही, पण कायदा तसा आहे.

'मुलगाच देतो' किंवा 'पलीकडे गेलं की सांगतात' असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. भ्रूणाचं लिंग निवडणं दोन्ही राज्यांत गुन्हा आहे आणि शिक्षा मोठी आहे.

7. सही करण्याआधी

संमतीपत्रं बहुतेक इंग्रजीत, काही कन्नडमध्ये. मी पहिल्या वेळी अकरा जागी सह्या केल्या आणि एकही ओळ वाचली नव्हती. नर्स पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवायची, मी सही करायची. दुसऱ्या वेळी समुपदेशकाला म्हटलं, मला मराठीत सांगा, नाहीतर घरी नेऊन भाच्याकडून वाचून घेते. अर्धा तास बसून तिने सांगितलं. न समजता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. क्लिनिकने खर्च, यशाची शक्यता, धोके, जुळ्यांची शक्यता हे सगळं आधी समजावून द्यायचं असतं, आणि भ्रूण आत सोडेपर्यंत तुम्हाला संमती मागे घेता येते.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- सांगितलेल्या रकमेत इंजेक्शनं धरली आहेत का? आमच्या पॅकेजमध्ये नव्हती. 1 लाख 10 हजार म्हणून गेलो, पहिली फेरी 1 लाख 80 हजारांना पडली आणि ती फसली.
- भ्रूण उरले तर गोठवायचं वर्षाचं भाडं किती? पुन्हा सोडायला वेगळे किती? (कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात आणि ते तुमच्यासाठीच वापरायचे असतात.)
- किती भ्रूण तयार झाले, किती सोडले, किती उरले हे लेखी द्याल का?
- माझ्या वयाच्या बायकांत मूल घरी नेण्याचं प्रमाण किती? 'टेस्ट पॉझिटिव्ह'चा आकडा वेगळा असतो, त्याच्यावर भुलू नका.

उपचार संपल्यावर काय काय केलं त्याचं डिस्चार्ज प्रमाणपत्र क्लिनिकने द्यावं लागतं. तक्रार असेल तर प्रत्येक क्लिनिकमध्ये तक्रार निवारण कक्ष हवाच. तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमची मुलगी गोठवलेल्या भ्रूणातून झाली. पहिली फेरी फसल्यावर 'आता काही राहिलं नाही' म्हणून आम्ही परत निघालो होतो, तेव्हा या फाइलमधल्या एका ओळीवरून कळलं की दोन भ्रूण शिल्लक आहेत.

8. पैसा आणि येणं-जाणं

आययूआयला साधारण काही हजार, आयव्हीएफला एका फेरीला दीड-दोन लाख धरून चाला, आणि एका फेरीत होईलच असं मनात धरू नका. पिग्मीचे पैसे, बचत गटाचं कर्ज चालेल. जमीन गहाण टाकून किंवा सावकाराकडून दुसरी-तिसरी फेरी करू नका, हे मी हात जोडून सांगते. थांबा, वर्षभर साठवा.

कर्नाटकाच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसला जून 2023 पासून बायकांना शक्ती योजनेत तिकीट नाही, आधार दाखवावं लागतं. पण कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला ती सवलत चालत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. सोनोग्राफीसाठी एका महिन्यात सहा-सात फेऱ्या होतात, म्हणून खूप जणी निपाणीपर्यंत इकडच्या बसने जाऊन पुढे गाडी बदलतात. फेऱ्यांचा हिशेब क्लिनिक निवडतानाच करा. रोजची इंजेक्शनं गावच्या सिस्टरकडून घेता येतील का, तेही विचारा. बर्फाची थर्मासवाली पिशवी लागते, मेडिकलवाले देतात.

9. दान, सरोगसी, दत्तक

दुसऱ्याचं बीज घ्यायची वेळ आली तर ते नोंदणीकृत बँकेतूनच. बीजांड देणारी 23 ते 35 वयाची हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते. बहिणीचं परस्पर घेऊ असं घरात ठरवू नका.

सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढवणं, आता पैसे देऊन करता येत नाही. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र आणि कोर्टाचा आदेश लागतो. फार थोड्यांच्या उपयोगाची वाट आहे.

दत्तकाचं मात्र उपचार चालू असतानाच बघा. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, मग गृहभेट होते. यादीत तीन-तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून 'सगळं करून थकलो की मग बघू' म्हणणाऱ्यांचं वय निघून जातं: दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या आत लागते. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, कोर्टात जावं लागत नाही. बेळगावात जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती मिळते. दवाखान्यातून परस्पर मूल 'मिळवून देतो' म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. ते बेकायदा आहे, आणि पुढे कधी पोलीस दारात आले तर मूल तुमच्याजवळ राहत नाही.

10. ज्यांना आत्ता मूल नकोय, त्यांच्यासाठीही

वंध्यत्वाच्या रांगेत मला अशा तीन-चार जणी भेटल्या ज्यांना पहिल्या वेळी सहज दिवस गेले होते. 'एवढ्यात नको' म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेतल्या, अर्धवट झालं, संसर्ग झाला आणि नळ्या बंद झाल्या. गर्भपात कायदेशीर आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने होतो, सरकारी रुग्णालयात होतो. तिथे जा. आणि ती वेळच येऊ नये म्हणून आरोग्य केंद्रात तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, तांबी, निरोध सगळं फुकट आहे. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस जायला काही महिने लागू शकतात, ते आधी विचारून घ्या.

दोन मुलं झाली की बावीस-तेवीसाव्या वर्षी नसबंदी ही इथली रीत. माझी आत्तेबहीण तशीच. तिचा धाकटा विहिरीत पडून गेला, आणि ती नळ्या पुन्हा जोडायच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्यासोबत फिरली. ती शस्त्रक्रिया होते, पण नळी किती उरली आहे त्यावर सगळं अवलंबून. मुलं लहान असतील तर तांबी बसवा, ती कधीही काढता येते. सरकारने नसबंदीची उद्दिष्टं 1996 सालीच रद्द केली, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची शिबिरं बंद करायला सांगितलं. बाळंतपणाच्या खाटेवर कुणी कागद पुढे केला तर 'घरी जाऊन ठरवते' म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात. नवऱ्याची नसबंदी बायकोच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, हेही त्याच खाटेवर बोलून टाका.

ऑपरेशन करून घेतलंच तर नसबंदीचं प्रमाणपत्र मागून घ्या, डिस्चार्ज कार्डावर शिक्का मारून भागवू देऊ नका. ऑपरेशन फसून दिवस गेले तर सरकारी भरपाईचा अर्ज 90 दिवसांच्या आत करायचा असतो आणि त्याला हेच प्रमाणपत्र जोडावं लागतं. माझ्या आत्तेबहिणीला नळ्या जोडायच्या वेळी डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच कागद मागितला होता, कुठल्या पद्धतीने बांधल्यात ते कळावं म्हणून. तिच्याकडे तो नव्हता.